बिटलॉकर: कुलूप भक्कम, किल्ली मात्र मालकाला न सांगता ठेवलेली

लॅपटॉप चालू केला की नेहमीच्या लॉगिनऐवजी निळा पडदा येतो. वर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ असं शीर्षक, खाली या ड्राइव्हची रिकव्हरी की टाका अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि आकडे भरायला रिकामी चौकट. मालकाने असा पासवर्ड कधीच ठेवलेला नसतो. तो विंडोजचा चार आकडी पिन टाकून बघतो, मग ईमेलचा पासवर्ड आणि शेवटी वायफायचाही. यातलं काहीच चालत नाही, कारण त्या पडद्याला हवा असतो ४८ आकड्यांचा एक क्रमांक, सहा-सहाच्या आठ गटांत मांडलेला.

डिस्कवरची सगळी माहिती किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी करून ठेवायची (म्हणजे एन्क्रिप्ट करायची) सोय विंडोजमध्ये असते. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत या सोयीला ‘बिटलॉकर’ म्हणतात, तर होम आवृत्तीत तिचंच साधं रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने येतं. हे परीक्षण दोन्हींचं आहे. ही सोय चोरापासून माहिती किती सांभाळते हे तर पाहायचंच, पण खऱ्या मालकावर बाहेर अडकायची वेळ आली तर ती त्याला आत कसं घेते, हे त्याहून बारकाईने पाहायला हवं.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुलूप म्हणून बिटलॉकर उत्तम आहे आणि प्रवासात फिरणाऱ्या लॅपटॉपवर ते असावंच. किल्ली मालकाच्या हाती देण्याच्या कामात मात्र ते सपशेल कमी पडतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हा दोष जास्त जाचक झाला आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने सेटअप केलेल्या बहुतेक यंत्रांवर, होम आवृत्तीवरसुद्धा, एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. किल्ली गुपचूप त्या खात्यात जमा होते आणि ‘हे ४८ आकडे लिहून ठेवा’ असं सांगणारा ठळक पडदा सेटअपच्या वेळी येत नाही. ॲपलच्या मॅकवर फाइलव्हॉल्ट ही तशीच सोय हाताने चालू करताना किल्ली कुठे ठेवायची हे अनेक आवृत्त्यांत आधी विचारलं जायचं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करताना परवलीचा शब्द माणूस स्वतः ठरवतो. इथे मात्र कुलूप लागल्याचंच अनेकांना माहीत नसतं, मग किल्लीची आठवण कुठून असणार?

आधी ओळखा, पासवर्ड नेमका कोण मागतंय

सुरुवातीला आडवा येणारा प्रत्येक पासवर्ड बिटलॉकरचा नसतो. ओळखण्यात चूक झाली तर उपायानेच नुकसान होतं.

कंपनीचा लोगो येण्याआधी किंवा त्याच्यासोबतच छोटी चौकट आली, तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीचा पासवर्ड. डेस्कटॉपवर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काढून किंवा ‘क्लिअर सीमॉस’च्या (सीमॉस म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज जपणारी मेमरी) पिना जोडून तो बहुतेक वेळा जातो. कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपांत तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि बॅटरी काढून काही होत नाही. तिथे खरेदीचं बिल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर हाच रस्ता. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ज्या यंत्रावर बिटलॉकर चालू आहे त्याचं सीमॉस साफ केलं, तर बायोसचा पासवर्ड जाईल आणि त्याच्या जागी निळा पडदा येण्याची दाट शक्यता आहे. एक कुलूप काढताना दुसरं लागतं.

जुन्या विंडोजवर, म्हणजे एक्सपी ते ८.१ आणि विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर, राखाडी चौकटीत ‘हा संगणक सुरू होण्यासाठी पासवर्ड लागेल असा ठरवलेला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर ते सिसकी या विंडोजमधल्या जुन्या पासवर्ड-सोयीचं काम. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असं सांगून फोन करणारे भामटे दूरवरून यंत्राचा ताबा घेऊन हा पासवर्ड लावत आणि तो काढायचे पैसे मागत. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने सिसकी काढूनच टाकली. जुन्या यंत्रावर अजून ती चौकट दिसली तर पैसे देऊ नयेत. सिसकी फायली एन्क्रिप्ट करत नाही, ती फक्त लॉगिनची माहिती अडवते. त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली की फायली साधारणपणे जशाच्या तशा मिळतात.

बिटलॉकरमध्ये ही पळवाट नाही. डिस्क बाहेर काढली तरी आतली माहिती एन्क्रिप्टच असते.

हा पडदा अचानक का येतो

बिटलॉकरची रोजची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये असते. ती मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते किंवा प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. इंटेलमध्ये तिला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. यंत्र सुरू होताना प्रत्येक टप्प्याचं मोजमाप ही चिप नोंदवते. मोजमाप कालच्यासारखंच आलं तर किल्ली बाहेर येते आणि मालकाला कुलूप असल्याचा पत्ताही लागत नाही. मोजमापात फरक पडला तर चिप किल्ली देत नाही आणि विंडोज ४८ आकडे मागतं. आधुनिक यंत्रांत हे मोजमाप मुख्यतः सिक्युअर बूटच्या (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच यंत्र सुरू होऊ देणाऱ्या बायोसमधल्या सोयीच्या) स्थितीशी बांधलेलं असतं, म्हणून बहुतेक तक्रारींच्या मुळाशी सिक्युअर बूट किंवा टीपीएममधला बदल सापडतो.

प्रत्यक्षात कारणं ठरावीक असतात. कोणीतरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायला सिक्युअर बूट बंद केलेलं असतं. बायोस अपडेट झालेला असतो. दुरुस्तीत मदरबोर्ड बदललेला असतो, म्हणजे जुना टीपीएम किल्लीसकट गेला. काही वर्षं वापरलेल्या डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ संपलेली असते. मग वीज गेली की बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात, घड्याळ मागे जातं आणि पुढच्या वेळी निळा पडदा उभा राहतो. बायोसमध्ये तारीख काही वर्षं मागची दिसली, तर आधी ती बॅटरी बदला.

कधीकधी दोष अपडेटचाच असतो. जुलै २०२४ च्या मासिक सुरक्षा अपडेटनंतर काही यंत्रं थेट रिकव्हरीच्या पडद्यावर गेली. हे मायक्रोसॉफ्टने मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या केबी५०५८३७९ या अपडेटने इंटेल व्हीप्रो (कंपन्यांच्या संगणकांसाठीचं इंटेलचं तंत्र) असलेल्या काही यंत्रांवर असाच प्रकार झाला आणि त्यासाठी वेळापत्रकाबाहेरचं अपडेट काढावं लागलं. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटचा गोंधळ तर अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली. चूक बिटलॉकरची नव्हती. पण दुरुस्तीसाठी सेफ मोडमध्ये जायचं तर एन्क्रिप्ट केलेल्या प्रत्येक यंत्राला त्याचे ४८ आकडे टाकावे लागत होते, आणि ज्या कार्यालयांत त्यांची नीट नोंद नव्हती तिथलं काम रखडलं.

पडदा आल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमाने

सर्वांत आधी त्या पडद्याचा स्वच्छ फोटो घ्या. त्यावर ‘रिकव्हरी की आयडी’ म्हणून अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ असते. तिची पहिली आठ अक्षरं पुढच्या शोधात लागतात. ही किल्ली नव्हे, फक्त तिची ओळख. हीच टाकून बघण्यात बराच वेळ जातो. २४एच२ पासून या पडद्यावर, किल्ली वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल, तर ते खातं कोणतं याची खूणही दिसते. ही सुधारणा खरोखर चांगली आहे, आधीच यायला हवी होती.

दुसरं, यंत्र बंद करून पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, डॉक, बाहेरची हार्ड डिस्क असं जोडलेलं सगळं काढा आणि पुन्हा सुरू करा. काही वेळा एवढ्यानेच भागतं.

तिसरं, गेल्या दोन-चार दिवसांत काय बदललं ते आठवा आणि तो बदल उलटवा. बायोसमध्ये जा, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, असुसवर एफ२, लेनोव्होच्या मॉडेलनुसार एफ१ किंवा एफ२. सिक्युअर बूट चालू आहे का, टीपीएम किंवा पीटीटी किंवा एफटीपीएम चालू आहे का, बूट मोड यूईएफआय आहे का, सीएसएम नावाचा जुना मोड बंद आहे का आणि बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आहे का, एवढं तपासा. बायोस नुसता उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही. आधीची स्थिती तंतोतंत परत आली आणि टीपीएम साफ झालेला नसला, तर चिप मुकाट्याने किल्ली देते आणि ४८ आकड्यांची गरजच उरत नाही. हे अनेक दुरुस्तीवाल्यांनाही माहीत नसतं. ते थेट फॉरमॅटचं बोलतात, म्हणून हे करून बघितल्याशिवाय यंत्र कोणाच्या हवाली करू नका.

या टप्प्यावर दोन गोष्टी चुकूनही करू नका. बायोसमधला ‘क्लिअर टीपीएम’ हा पर्याय निवडलात तर चिपमधली किल्ली कायमची जाते. एएमडीच्या यंत्रावर बायोस अपडेट किंवा नवा प्रोसेसर बसवल्यावर काळ्या पडद्यावर एक प्रश्न येतो: एफटीपीएम नव्याने सुरू करायचा असेल तर वाय दाबा, जुनी नोंद ठेवायची असेल तर एन. ४८ आकडे हाताशी नसतील तर एनच दाबायचं. घाईत वाय दाबून बसलेल्यांना परतीची वाट नसते.

किल्ली कुठे सापडते

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांची किल्ली हरवलेली नसते, ती फक्त अनपेक्षित जागी असते.

फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा आणि बिटलॉकर रिकव्हरी कीचं पान उघडा. तिथे यंत्राचं नाव, की आयडी, ४८ आकडे आणि ते जमा झाल्याची तारीख दिसते. एकाच यंत्राच्या चार-पाच किल्ल्या दिसल्या तर गोंधळू नका. विंडोज जितक्या वेळा नव्याने टाकलं असेल तितक्या वेळा नवी किल्ली जमा होते. ‘ओएसव्ही’ असं लिहिलेली किल्ली विंडोजच्या ड्राइव्हची, ‘एफडीव्ही’ लिहिलेली डी किंवा ई अशा दुसऱ्या ड्राइव्हची. यंत्राच्या नावावर जाऊ नका, फोटोतल्या आठ अक्षरांशी जुळेल तीच घ्या.

पान रिकामं दिसलं म्हणजे किल्ली नाही असं नव्हे, खातं चुकीचं असण्याची शक्यताच जास्त. किल्ली जाते ती यंत्र पहिल्यांदा सेटअप करताना जे खातं वापरलं त्यात. आपल्याकडे लॅपटॉप विकत घेताना सेटअप बहुतेक वेळा दुकानातला मुलगाच करून देतो. कधी तो ग्राहकाच्या मोबाइल नंबरवर नवं खातं उघडतो, कधी घाईत एखादा आउटलुकचा पत्ता तयार करून त्याचा पासवर्ड बिलाच्या मागे लिहून देतो. ते बिल शोधा. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल तर ते कोणत्या खात्यावर चालू केलं होतं ते आठवा. बहुधा किल्लीही तिथेच असते. घरातल्या प्रत्येकाची खाती तपासा. मुलांच्या शाळा-कॉलेजचं आणि नोकरीचं खातंही सोडू नका, कारण कामाच्या खात्याने जोडलेल्या यंत्राची किल्ली संस्थेकडे जमा होते आणि ती मागायला आयटी विभागाकडे जावं लागतं.

खातं सापडलं, पण ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातोय, ही पुढची अडचण. खात्याची सुरक्षा-माहिती पूर्ण बदलायला मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. ते ३० दिवस यंत्राला हात लावू नका, थांबा. या काळात ‘कंटाळलो, फॉरमॅट करून टाक’ असं म्हणणाऱ्यांची माहिती किल्ली मिळायच्या आत गेलेली असते.

मायक्रोसॉफ्टच्या मदतकेंद्राला फोन करून किल्ली मिळत नाही. ती त्यांना बनवून देता येत नाही आणि हे ते स्पष्ट सांगतात. अमुक रुपयांत बिटलॉकर तोडून देतो असं कोणी म्हणाला तर पैसे देऊ नका. ४८ आकड्यांमागे १२८ बिटांची संख्या असते, ती अंदाजाने सापडत नाही. असा दावा करणारा माणूस डिस्क पुसून नवं विंडोज टाकतो, आणि मालकाला ते घरी आल्यावर फोटोंचा फोल्डर उघडताना कळतं.

अर्धवट वाचता येणारे आकडे

कागदावरची शाई पुसली, फोटो अंधूक आला, एक आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही, असं वारंवार होतं. इथे बिटलॉकरच्या रचनेतली एक सुंदर गोष्ट कामाला येते, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे.

सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने पूर्ण भागला जातो. तपासायची रीत सोपी आहे. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवा. दुसरा, चौथा, सहावा मिळवा. दोन्ही बेरजांमधला फरक ०, ११ किंवा २२ यायला हवा. उदाहरणादाखल १३५७९५ घ्या. एक, पाच आणि नऊ मिळून १५. तीन, सात आणि पाच मिळूनही १५. फरक शून्य, म्हणजे गट बरोबर. यातला कोणताही एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हा हिशेब जमतच नाही.

त्याहून मोठा फायदा म्हणजे गटातला एकच आकडा वाचता येत नसेल तर तो काढताही येतो. समजा १३५७ नंतरचा आकडा पुसला गेला आहे आणि शेवटी ५ आहे. विषम जागांची बेरीज सहा अधिक तो आकडा, सम जागांची १५. फरक ०, ११ किंवा २२ यायला हवा आणि आकडा ० ते ९ मधलाच हवा, तर उत्तर एकच: ९. आठही गटांत प्रत्येकी एक आकडा पुसला असला तरी पूर्ण किल्ली अशी परत उभी करता येते. एकाच गटातले दोन आकडे गेले तर मोजक्या शक्यता उरतात, त्या एकेक टाकून पाहता येतात. शिवाय कोणताही गट ७२०८८५ पेक्षा मोठा असूच शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला ८ किंवा ९ दिसत असेल तर तो आकडा वाचण्यात चूक आहे हे नक्की.

कीबोर्डवरचं एखादं आकड्याचं बटण बंद असेल तरी अडायचं कारण नाही. या पडद्यावर एफ१ ते एफ९ ही बटणं १ ते ९ साठी आणि एफ१० शून्यासाठी चालतात. काही लॅपटॉपांवर त्यासोबत एफएन दाबून ठेवावं लागतं.

आत गेल्यावर

किल्ली लागली, विंडोज उघडलं, की आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढा. दर वेळी सुरू करताना पुन्हा किल्ली मागितली जात असेल, तर बिटलॉकरचं संरक्षण थोडा वेळ स्थगित करून पुन्हा चालू करा. त्याने टीपीएम नव्या स्थितीचं मोजमाप नोंदवून घेतो. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनलमध्ये ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ आणि मग ‘रिझ्यूम’ असे पर्याय आहेत. होममध्ये ते बटण नाही, ही उणीव खटकते. तिथे ‘मॅनेज-बीडीई’ ही आज्ञा वापरावी लागते: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रोमन अक्षरांत मॅनेज-बीडीई, जागा, हायफन-प्रोटेक्टर्स, जागा, हायफन-डिसेबल, जागा, सी आणि विसर्गासारखं कोलन, असं टाइप करा. परत चालू करायला डिसेबलच्या जागी इनेबल. त्याच जागी गेट लिहिलंत तर चालू किल्लीचे ४८ आकडे समोर छापून येतात. किल्ली लिहून घ्यायचा सर्वांत सरळ मार्ग हाच, आणि तो होममध्येही चालतो.

बायोस हाताने अपडेट करण्याआधी, मदरबोर्ड बदलायला देण्याआधी, नवा प्रोसेसर बसवण्याआधी हेच स्थगितीचं काम करून घ्यावं. विंडोज अपडेटमधून येणारं फर्मवेअर स्थगिती स्वतः लावतं. पेनड्राइव्हवरून केलेल्या अपडेटला ती सोय नसते. मदरबोर्ड बदलणार असेल तर स्थगितीसोबत आकडेही कागदावर हवेतच, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र किती वेळा सुरू-बंद होईल ते आपल्या हातात नाही, आणि ठरलेल्या वेळांनंतर संरक्षण आपोआप परत चालू होतं.

लॅपटॉपच बंद पडला, डिस्क शाबूत आहे आणि आकडे आहेत, तर काम अगदी सोपं. ती डिस्क, म्हणजे एनव्हीएमई एसएसडी, काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि दुसऱ्या विंडोज यंत्राला लावा. ड्राइव्हवर क्लिक केलं की ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये रिकव्हरी की टाकायची जागा मिळते. त्या यंत्रावर होम आवृत्ती असली तरी चालतं. अलीकडच्या लिनक्सवरही अशी डिस्क उघडते.

आकडे मिळालेच नाहीत तर यंत्र परत वापरता येतं, फक्त माहिती जाते. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून सुरू करा, जुनी पार्टिशन्स काढा आणि नव्याने विंडोज टाका. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना यंत्रातच नोंदलेला असतो, तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. माहिती मोलाची असेल आणि एसएसडी सुटी होणारी असेल, तर ती पुसू नका. नवी एसएसडी बसवा, जुनी पाकिटात घालून त्यावर की आयडीची आठ अक्षरं लिहून ठेवा. विसरलेलं खातं सहा महिन्यांनी आठवतं, तेव्हा ती डिस्क उघडता येते.

मग चालू ठेवावं की बंद करावं

लॅपटॉप लोकलमधून, एसटीतून, कॉलेजात फिरत असेल तर चालू ठेवा. बॅग गेली तर त्यातल्या बँकेच्या फायली, आधार-पॅनच्या प्रती, घरचे फोटो चोराच्या हाती लागत नाहीत. विंडोजचा नुसता लॉगिन पासवर्ड हे काम करत नाही. डिस्क काढून दुसरीकडे लावली की तो निरुपयोगी ठरतो. वेगळी टीपीएम चिप असलेल्या एका जुन्या लॅपटॉपमधून किल्ली पळवण्याचं प्रात्यक्षिक २०२४ मध्ये रास्पबेरी पाय पिकोसारख्या स्वस्त बोर्डावर करून दाखवलं गेलं होतं. टीपीएम प्रोसेसरमध्येच असेल तर ती वाट राहत नाही. खरोखर जोखमीची माहिती असेल तर प्रो आवृत्ती घेऊन सुरुवातीला पिन विचारण्याची व्यवस्था लावावी. रस्त्यावरच्या भुरट्या चोरासाठी नेहमीचं बिटलॉकर पुरेसं आहे.

घरात एका जागी असलेला डेस्कटॉप, बॅकअपची सवय नाही, खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, अशा घरात मात्र ते बंद केलेलं बरं. तिथे चोरीपेक्षा संपलेल्या सीआर२०३२ चा धोका मोठा आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, तिथलं बटण बंद करा. डिस्क उलगडायला वेळ लागतो, तोवर वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

चालू ठेवणार असाल तर आकडे दोन ठिकाणी हवेत: खात्यात आणि कागदावर. कागद घरच्या दस्तऐवजांच्या फाइलमध्ये, यंत्राचं नाव, की आयडीची आठ अक्षरं आणि तारीख घालून. लिहिल्यावर आठही गटांना अकराची कसोटी लावा. विंडोज किल्लीची फाइल त्याच एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर ठेवू देत नाही, तरी काहीजण छापण्याचा पर्याय निवडून पीडीएफ करतात आणि ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवतात. कुलूप लागल्यावर ती फाइलही आतच अडकते.

नवा लॅपटॉप घेताना दुकानात सेटअप करून घेऊ नका. खोका बंद अवस्थेतच घरी आणा आणि आपल्याच खात्याने सुरू करा. जुना घेत असाल तर विकणाऱ्यासमोर ‘रिसेट धिस पीसी’मधून सगळं पुसून घ्या आणि बायोस उघडून तिथे पासवर्ड मागितला जात नाही ना ते पाहा. घरच्या लॅपटॉपवर कार्यालयाचं खातं जोडताना ‘संस्थेला माझं यंत्र सांभाळू द्या’ अशा अर्थाची खूण येते, ती काढून टाका. ती आधीच राहून गेली असेल आणि नोकरी बदलायची असेल, तर कार्यालयाचं खातं बंद होण्याआधी मॅनेज-बीडीईच्या गेट आज्ञेने आकडे उतरवून घ्या. शेवटच्या दिवसानंतर कार्यालयाचा आयटी विभाग तुमचा फोन उचलेलच असं नाही.